चोवीसने गुणा: १९६६च्या बीटलचं प्लॅस्टिक मॉडेल जोडणं आणि रंगवणं

१९६६च्या मॉडेलची फोक्सवॅगन बीटल एका बंपरपासून दुसऱ्या बंपरपर्यंत साधारण ४ मीटर ७ सेंटिमीटर भरते. तामिया कंपनीच्या १/२४ किटमध्ये तीच गाडी १७ सेंटिमीटरची होते. हा भागाकार विसरला की चांगलं किटसुद्धा खेळण्यासारखं दिसायला लागतं. बॉडीवर साच्याची ०.२ मिलिमीटर उंच रेघ राहून गेली, तर खऱ्या गाडीच्या हिशेबाने तो जवळजवळ ५ मिलिमीटरचा उंचवटा झाला. रंगाचा थर ०.१ मिलिमीटर जाड बसला, तर तो २.४ मिलिमीटर झाला, म्हणजे गाडीच्या पत्र्यापेक्षाही जाड. दाराजवळ सांडलेला मिलिमीटरभर गोंद म्हणजे इंचभराचा गोळा. म्हणून एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या: समोर दिसेल ते चोवीसने गुणून बघायचं.

क्लासिक गाडीचं पहिलं मॉडेल करणाऱ्याला मी बीटलच सुचवतो. सगळी बॉडी गोलाईची असल्याने पॉलिश करताना रंग उडतील अशा धारदार कडा कमी आहेत. क्रोम आहे, पण आवरता येण्याइतकं. इंजिन हवेवर थंड होणारं, त्यामुळे रेडिएटर आणि पाण्याच्या नळ्यांचं जंजाळ नाही. १९५७ची शेव्हरोले बेल एअर दिसायला कितीही मोहात पाडणारी असली, तरी दोन रंगांचं मास्किंग (टेप लावून भाग झाकणं) आणि हातभर क्रोम हे पहिल्याच गाडीत अंगावर घेऊ नये.

आधी फोटो

बीटल वर्षानुवर्षं एकसारखीच दिसते असा समज आहे, आणि मॉडेल करताना तोच नडतो. १९६६चं मॉडेल जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात ऑगस्ट १९६५पासून बनायला लागलं. त्या वर्षी १२८५ सीसीचं, ४० हॉर्सपॉवरचं नवं इंजिन आलं आणि मागच्या झाकणावर '१३००' हे आकडे बसले. हबकॅप चपट्या झाल्या, रिमला हवा खेळण्यासाठी खाचा आल्या. हेडलाइट मात्र अजून जुन्या पद्धतीचे, मडगार्डच्या उताराबरोबर मागे झुकलेल्या काचेखाली होते. ऑगस्ट १९६७मध्ये युरोपातल्या गाडीचे हेडलाइट उभे झाले आणि बंपर जाडजूड झाले. इंटरनेटवर 'क्लासिक बीटल' म्हणून सापडणाऱ्या फोटोंत या दोन पिढ्यांची सरमिसळ असते. शिवाय हौशी मालकांनी एका वर्षाच्या गाडीला दुसऱ्या वर्षाचे भाग लावलेले असतात. हेडलाइट आणि बंपर पाहून फोटो निवडा, म्हणजे निम्मी गफलत तिथेच टळते.

रंगही याच टप्प्यावर ठरवा. त्या वर्षी रुबी रेड, बहामा ब्लू, जावा ग्रीन, सी ब्लू, काळा आणि पर्ल व्हाइट अशा छटा होत्या. पर्ल व्हाइटच्या नावावर जाऊ नका. त्यात मोत्याची चमक नाही, तो साधा, किंचित पिवळसर झाक असलेला पांढरा आहे. तामियाचा टीएस-७ रेसिंग व्हाइट हा स्प्रे रंग त्याच्या बराच जवळ जातो. मेटॅलिक रंगांपासून मात्र लांब राहा. या छटा मेटॅलिक नव्हत्याच, आणि मेटॅलिकमधला एखादा ०.०५ मिलिमीटरचा कणही गुणाकारात मिलिमीटरच्या वर जातो. मग गाडी रंगवल्यासारखी न दिसता चमकी लावल्यासारखी दिसते.

सामान, आणि हार्डवेअरच्या दुकानातले धोके

सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिला स्प्रू म्हणतात. ते कापायला सपाट तोंडाचा निपर, टोकदार पात्याची हॉबी नाइफ, बारीक चिमटा, ६०० ते ३००० नंबरचे वॉटर पेपर, चांगला मास्किंग टेप आणि प्लॅस्टिकचा पातळ सिमेंट गोंद, एवढ्यावर सुरुवात होते. एअरब्रश असला तर उत्तम, पण या गाडीसाठी तो लागतच नाही. बॉडीला स्प्रे कॅन आणि बाकी सगळ्याला ब्रश पुरतो.

स्प्रे कॅन घेताना डब्यावरची अक्षरं वाचा. तामियाची टीएस मालिका स्टायरीन, म्हणजे किटच्या प्लॅस्टिकसाठी आहे. पीएस मालिका रिमोट कंट्रोलच्या गाड्यांच्या पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी आहे आणि ती स्टायरीनला खाते. डबे दिसायला सारखेच, आणि दुकानदाराला फरक माहीत असेलच असं नाही. मोटारीच्या टचअपचे कॅन बाजारात सहज मिळतात, पण त्यांतलं द्रावण बरेचदा इतकं तीव्र असतं की प्लॅस्टिकवर बारीक चिरांचं जाळं पडतं. वापरायचेच असतील तर आधी स्प्रूच्या तुकड्यावर मारून दुसऱ्या दिवशी बघा. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन, दोन्ही स्टायरीन विरघळवतात. ब्रश धुवायला चालतील, मॉडेलला लावू नका. रंग बिघडला आणि काढून टाकायचा असेल, तर ॲक्रिलिक रंगासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल बरं. ते प्लॅस्टिकला धक्का लावत नाही.

परदेशातून येणाऱ्या मावशीला किट आणायला सांगा, स्प्रे कॅन सांगू नका. ज्वालाग्राही रंग, गोंद आणि असले डबे विमानाच्या सामानात चालत नाहीत, आणि विमानतळावर त्या बिचारीची बॅग उघडली जाईल.

गोंदाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. प्लॅस्टिक सिमेंट चिकटवत नाही, ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं. त्यामुळे रंगावर किंवा क्रोमवर ते धरत नाही. जोडाच्या जागेचा रंग पात्याने खरवडून प्लॅस्टिक उघडं करावं लागतं. पातळ सिमेंट वापरताना दोन भाग आधी एकमेकांना लावून धरायचे आणि ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवायचं. गोंद आपोआप आत ओढला जातो. बोट फटीवर ठेवलं, तर तो बोटाखालीही ओढला जातो आणि ठसा कायमचा उमटतो.

बॉडीची तयारी

बॉक्स उघडला की सगळे स्प्रू भांडी घासायच्या लिक्विडच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने धुऊन घ्या. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य कुठे राहिलं असेल, तर तिथे रंग धरत नाही. भाग कापताना निपर भागाला चिकटवून कापू नका. पहिला काप थोडा लांबून घ्या, उरलेला खुंट दुसऱ्या कापात काढा आणि शेवटी पेपरने सपाट करा. एकदम मुळाशी कापलं की प्लॅस्टिक पांढरं पडतं, कधी टवकाच निघतो.

गाडीची बॉडी अनेक भागांच्या साच्यात ओतलेली असते. साच्याचे भाग जिथे मिळतात तिथे बारीक रेघा उरतात, बहुधा मडगार्डवरून आणि छताच्या बाजूने जाणाऱ्या. उजेडात सरळ बघून त्या दिसत नाहीत. टेबललॅम्प बाजूने, जवळजवळ आडवा धरा, म्हणजे सावलीने रेघ उठून दिसेल. ६०० नंबरच्या ओल्या पेपरने रेघ घालवा आणि १०००ने ओरखडे मऊ करा. कुठे खड्डा असेल तर मॉडेलसाठीची लांबी (पुट्टी) भरा, पूर्ण वाळू द्या, मग घासा. लांबी अर्धवट वाळली असताना घासली, तर नंतर आक्रसून तिथेच खळगा पडतो, आणि तो नेमका चकचकीत रंग चढल्यावर दिसतो.

आता दारं, बॉनेट आणि मागचं झाकण यांच्या भोवतीच्या फटी. खऱ्या गाडीत ही फट चार-पाच मिलिमीटरची असते, म्हणजे मॉडेलवर जेमतेम ०.२ मिलिमीटर. प्रायमर (रंगाखालचा थर), रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) असे थर चढले की ती बुजते. म्हणून पात्याच्या उलट्या बाजूने किंवा स्क्रायबरने (रेघ कोरायच्या हत्याराने) फटीतून हलक्या हाताने चार-सहा वेळा फिरवून ती खोल करा. खोल करायची आहे, रुंद नाही. जोर लावला की पातं फट सोडून दारावर धावतं. बीटलमध्ये मडगार्ड बॉडीला वेगळे बोल्टने जोडलेले असतात आणि मधे बीडिंगची पट्टी असते. ती खाचही अशीच स्वच्छ करून ठेवा, कारण या गाडीचा चेहरामोहरा तिच्यावर उभा आहे.

रंगाच्या आधी बॉडी, चासी, आतला भाग आणि काचा एकमेकांत गोंदाशिवाय बसवून बघा. काही घासायचं असेल तर ते आत्ताच. बॉडीच्या रंगाचे सगळे सुटे भाग वेगळे काढून ठेवा. या गाडीचा डॅशबोर्डही पत्र्याचा आणि बॉडीच्याच रंगाचा असतो, तो विसरू नका. हे सगळं एकाच बैठकीत, एकाच डब्यातून रंगवा.

प्रायमर आणि रंग

इथे घाई करणारा माणूस ओळखू येतो, म्हणून इथेच जरा जास्त थांबतो.

बॉडी धरायला काहीतरी हवं. पाण्याच्या बाटलीत वाळू भरा, तिच्या बुचावर मास्किंग टेपची उलटी गुंडाळी करा आणि बॉडी आतून छताला चिकटवा. बाटली हातात धरून सगळ्या बाजूंनी फिरवता येते आणि रंगाला बोट लागत नाही.

फिकट रंगाखाली पांढरा प्रायमर, गडद रंगाखाली राखाडी. लाल रंगाखाली गुलाबी प्रायमर घातला तर लाल लवकर भरतो आणि खोल दिसतो. प्लॅस्टिकच लाल असेल आणि वर पांढरा द्यायचा असेल, तर सावध राहा. लाल रंगद्रव्य थरांतून वर झिरपतं आणि गाडी आठवड्याभरात गुलाबी होते. मध्ये चंदेरी रंगाचा एक थर दिला तर ते अडतं. प्रायमरचा मुख्य उपयोग मात्र तपासणीचा आहे. सगळी बॉडी एका मॅट रंगाची झाली की राहिलेले ओरखडे आणि रेघा उघड्या पडतात. त्या घासा, पुन्हा प्रायमर द्या, आणि १०००च्या ओल्या पेपरने सगळीकडून एक हलका हात फिरवा.

रंगाचा डबा दोन मिनिटं हलवा, नंतर कोमट पाण्यात थोडा वेळ उभा ठेवा. कोमट म्हणजे हात सहज बुडवता येईल इतकंच. गॅसवर, उकळत्या पाण्यात किंवा उन्हात डबा ठेवणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. डबा गरम झाला की आतला दाब वाढतो आणि फवारा बारीक पडतो.

अंतर साधारण २० सेंटिमीटर. फवारा गाडीच्या बाहेर सुरू करायचा, गाडीवरून एका चालीने न्यायचा आणि पलीकडे बाहेर गेल्यावरच बोट उचलायचं. बोट दाबताना आणि सोडताना नोझल थुंकतं, ते थेंब गाडीवर पडता कामा नयेत. पहिला हात इतका विरळ द्या की प्रायमर दिसत राहील. बहुतेक जणांना इथे राहवत नाही आणि ते दुसरी फेरी मारतात. दहा-पंधरा मिनिटं थांबा. दुसरा हातही विरळच. या दोन हातांनी तिसऱ्याला पकड मिळते. तिसरा हात ओला: पृष्ठभागावर दिव्याचं प्रतिबिंब एकसंध दिसेपर्यंत, पण ओघळ येण्याच्या आधी. त्यात आधी अवघड जागा घ्या, म्हणजे मडगार्डच्या खाचा, खिडक्यांखालची पट्टी, दाराखालचा भाग. छप्पर आणि बॉनेट शेवटी. उलटा क्रम घेतला, तर खाचांसाठी मारलेला रंग छपरावर भुरभुरून खरखरीत बसतो.

ओघळ आला किंवा केस पडला, तर हात लावू नका. ओल्या रंगात चिमटा घालणं हा सगळ्यात महागडा मोह. वाळू द्या, पेपरने सपाट करा, पुन्हा एक हात द्या. केसाचा डाग असा दहा मिनिटांत निघतो, बोटाच्या ठशाला मात्र सगळी बॉडी धुवावी लागते.

आपल्याकडे हवामान हा रंगाचा अर्धा भागीदार आहे. पावसाळ्यात, विशेषतः मुंबईत आणि कोकणपट्टीत, लॅकर (टीएससारखा, द्रावण उडून वाळणारा रंग) मारला की द्रावण उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि रंग पांढुरका, धुरकट पडतो. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असेल त्या दिवशी इंजिन रंगवा, बॉडी नको. एप्रिल-मेच्या दुपारी उलटा त्रास: थेंब गाडीवर पोचायच्या आधीच अर्धे वाळतात आणि खरखरीत पोत येतो. तेव्हा सकाळी लवकर मारा आणि अंतर थोडं कमी करा. दिवाळीनंतरपासून होळीपर्यंतचे कोरडे दिवस सगळ्यात चांगले. कपाटातली किटं साचवून ठेवणाऱ्यांना हे वेळापत्रक सोयीचं कारणही पुरवतं.

रंग गॅलरीत किंवा उघड्या खिडकीशी मारा, सेंद्रिय वाफेसाठीचा कार्ट्रिज मास्क लावा. कापडी मास्कने वाफ अडत नाही. आसपास गॅसची शेगडी, पेटलेली उदबत्ती, देवघरातलं निरांजन काहीही नको. फवारा ज्वालाग्राही असतो.

वाळणं, क्लिअर, पॉलिश

मारून झालं की बॉडीवर मोठा स्वच्छ डबा पालथा घाला. खाली बारीक काड्या ठेवा, म्हणजे हवा खेळेल आणि धूळ बसणार नाही. हाताला कोरडा लागणारा रंग आतून कोरडा असतोच असं नाही. नाक जवळ नेऊन हुंगा. द्रावणाचा वास येत असेल तर अजून थांबा. लॅकरला मी किमान आठवडा देतो, इनॅमल (हळू वाळणारा तैलरंग) असेल तर कितीतरी जास्त. याच कारणाने थरांचा क्रम पाळायचा: खाली लॅकर, वर ॲक्रिलिक किंवा इनॅमल. इनॅमलवर लॅकर मारला की खालचा थर सुरकुततो.

क्लिअर द्यायचा का, यावर लोक वाद घालतात. साधा चकचकीत रंग क्लिअरशिवायही पॉलिश होतो, आणि थर जितके कमी तितका चोवीसचा गुणाकार आपल्या बाजूने. तरी नवशिक्याने टीएस-१३ क्लिअरचे दोन पातळ हात द्यावेत असं माझं मत आहे. पॉलिश करताना पेपर जरा जास्त चालला, तर रंग उघडा पडण्याआधी थोडी उसंत मिळते. डिकलवर (किटमधल्या चिकटवायच्या छापील चित्रावर) क्लिअर मारायचा असेल तर पहिले हात अगदी विरळ द्या, लॅकर ओला पडला की डिकल वितळते.

वाळल्यावर पृष्ठभागात दिव्याचं प्रतिबिंब बघा. कड थरथरलेली, संत्र्याच्या सालीसारखी दिसली, तर घासायला हवं. २००० नंबरचा पेपर पाण्यात भिजवा, पाण्यात साबणाचा थेंब टाका आणि एकाच दिशेने, बोटाच्या वजनाइतक्याच दाबाने फिरवा. बॉनेटच्या मधली उंच घडी, मडगार्डच्या कडा, झाकणाच्या धारा यांवर बारीक टेप लावून ठेवा. रंग नेहमी तिथूनच उडतो. मग ३००० नंबर, मग रबिंग कंपाउंड: जाड, बारीक आणि फिनिश या क्रमाने, प्रत्येकाला वेगळं धुवट सुती कापड. शेवटी फटींत अडकलेलं कंपाउंड मऊ टूथब्रशने आणि साबणाच्या पाण्याने काढा. नाहीतर काळ्या गाडीच्या फटी पांढऱ्या दिसतात.

फिकट गाडीच्या फटींत पातळ केलेला गडद राखाडी इनॅमल सोडा आणि सांडलेला पुसून घ्या. शुद्ध काळा वापरला तर पेनाने रेघ मारल्यासारखी दिसते. इनॅमलचं थिनर उघड्या प्लॅस्टिकवर साचू देऊ नका, त्याने भाग तडकतात.

इंजिन आणि चासी

बॉडी वाळत असते तेव्हा हे काम करायचं. मला यातच सगळ्यात जास्त मजा येते.

इंजिन मागच्या झाकणाखाली: चार सिलिंडर, दोन-दोन समोरासमोर आडवे. वर दिसतो तो मुख्यतः पंख्याच्या हवेला वाट देणारा पत्रा, आणि तो काळा. तामियाचा एक्स-१८ सेमी ग्लॉस ब्लॅक (ब्रशने लावायचा बाटलीतला रंग) इथे चपखल. एअर क्लीनर आणि डायनॅमोही काळेच, पण तिन्हींना एकच काळा दिला तर सगळा गोळा दिसतो. एकाला थोडा मॅट काळा, दुसऱ्यात राखाडीचा थेंब. क्रँककेस (इंजिनचा मधला मुख्य खोका) मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा, म्हणून चकचकीत चांदी नको. एक्सएफ-१६ फ्लॅट ॲल्युमिनियममध्ये थोडा राखाडी मिसळा. प्लगच्या वायरी घालायच्या असतील तर खऱ्या वायरीची जाडी ७ मिलिमीटर धरा आणि चोवीसने भागा: ०.३ मिलिमीटर. बिघडलेल्या इअरफोनमधली बारीक तार चालून जाते. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-४-३-२ आहे. डिस्ट्रिब्युटरवरून (प्लगना वीज वाटणाऱ्या भागावरून) वायरी त्या क्रमाने निघाल्या की जाणकार माणूस झाकण बंद करायला लवकर तयार होत नाही.

खालचा पत्रा काळा. त्यावर फिक्या मातकट रंगाची पातळ पावडर ब्रशने चोळली की रस्त्यावरची गाडी वाटते. चाकांच्या मागे जास्त, मध्ये कमी. शोरूममधली गाडी दाखवायची असेल तर हे सोडून द्या. बॉडी आरशासारखी आणि खाली चिखल, हे दोन्ही एका मॉडेलवर विसंगत दिसतं.

टायर साच्यातून चकचकीत येतात आणि मध्ये एक रेघ असते. ६००च्या पेपरने जमिनीला टेकणारा भाग घासला की रेघ जाते आणि वापरलेल्या रबराची मॅट छटा येते. टायर मऊ व्हिनाइलचे असतील, तर त्यातलं तेलकट द्रव्य वर्षानुवर्षांत रिमच्या प्लॅस्टिकमध्ये शिरून ते वितळवतं. जुन्या किटांत हे बरेचदा दिसतं. रिम रंगवून त्यावर क्लिअरचा हात दिला तर मधे पडदा राहतो. चाकं लावताना गाडी काचेच्या तुकड्यावर ठेवा आणि गोंद वाळेपर्यंत चारही टेकतात का ते बघा. एक चाक ०.५ मिलिमीटर हवेत राहिलं, तर खऱ्या गाडीत १२ मिलिमीटर.

आतला भाग

काचेतून दिसणारं तेवढंच करा. सीट रेक्झिनच्या, म्हणून पूर्ण मॅट नको आणि चकाकणाऱ्याही नकोत. रंग वाळल्यावर शिवणीच्या खाचांत त्याच रंगाची गडद छटा पातळ करून सोडा. स्टिअरिंगमधली अर्धवर्तुळाकार हॉर्नची कडी क्रोम पेनने उजळा. स्पीडोमीटरवर डिकल लावल्यावर एक्स-२२ क्लिअरचा थेंब टाका, वाळला की काच बसवल्यासारखा दिसतो.

क्रोम, रबर आणि काचा

किटमधले क्रोमचे भाग कारखान्यातूनच चकचकीत येतात, पण त्यांवर साच्याच्या रेघा असतात आणि स्प्रूवरून कापल्यावर टवका दिसतो. हबकॅपवर तो टायरच्या बाजूला लपतो. बंपरवर लपत नाही. बंपर तसाच लावण्यापेक्षा क्रोम काढून नव्याने करणं बरं. घरगुती ब्लीचमध्ये बुडवला की ते निघून जातं. हातमोजे घाला आणि ब्लीचमध्ये दुसरं कोणतंही क्लीनर मिसळू नका. रेघ घासा, वर चकचकीत काळा रंग द्या, तो आरशासारखा वाळू द्या आणि मग क्रोम रंग मारा. क्रोमची सगळी चमक खालच्या काळ्या रंगावर ठरते. लहान टवक्यांसाठी लिक्विड क्रोमचा पेन पुरतो.

बॉडीच्या कडेने जाणारी पट्टी, बॉनेटच्या मधली पट्टी आणि फूटबोर्डची कड यांना रंग नको, फॉइल लावा. बेअर मेटल फॉइल हे चिकट पाठ असलेलं अतिशय पातळ पत्र. स्वयंपाकघरातलं ॲल्युमिनियम फॉइल त्यापेक्षा जाड असतं आणि वळणावर सुरकुततं. पट्टीपेक्षा थोडा रुंद तुकडा कापा, ठेवा, टूथपिकच्या बोथट टोकाने दाबत कडा उठवा आणि नव्या कोऱ्या पात्याने जादाचं कापून टाका. नवं पातं म्हणजे खरंच नवं. बोथट पातं फॉइल कापत नाही, फाडतं, आणि जोर वाढला की खालच्या रंगात उतरतं. हे सगळं पॉलिश झाल्यानंतर करायचं, कारण कंपाउंडने फॉइलची कड उचलली जाते.

खिडक्यांभोवतीचं रबर काळं, पण चकचकीत नव्हे. मास्किंग टेप लावल्यावर कड नखाने दाबून बसवा, सेमी ग्लॉस काळा पातळ ब्रशने दोनदा द्या आणि रंग पूर्ण कडक व्हायच्या आत टेप स्वतःवरच उलटा दुमडत काढा. या गाडीत रबरात बसवलेली क्रोमची बारीक पट्टीही असते. ती ०.४ मिलिमीटर रुंदीच्या फॉइलने जमते, पण दम असेल तरच करा. वाकडी पट्टी नसलेल्या पट्टीपेक्षा वाईट दिसते.

काचांना सुपरग्लू कधीही नको, त्याची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी बुरशीसारखी बसते. सिमेंटही नको. पांढरा फेविकॉल किंवा एक्स-२२ पुरतो. दोन्ही पारदर्शक वाळतात आणि सांडलेलं पुसता येतं. युरोपातल्या गाडीच्या मागच्या दिव्यांचा वरचा भाग नारिंगी, खालचा लाल: तामियाचे पारदर्शक रंग एक्स-२६ (नारिंगी) आणि एक्स-२७ (लाल). दिव्याच्या आत आधी चांदी लावली तर पारदर्शक रंग उजळतो.

शेवटची जोडणी

क्रम असा ठेवा: काचा बॉडीला, आतला भाग चासीला, मग बॉडी चासीवर, मग बंपर, दिवे आणि शेवटी वायपर, आरसा, दाराच्या मुठी. बॉडी चढवण्याआधी काचा आतून मऊ ब्रशने झटका. नंतर आत राहिलेला एकच तंतू रोज दिसत राहतो. हाताला सुती मोजे घाला किंवा धुवट रुमालाने धरा, कारण बोटांचं तेल पॉलिशवर आणि फॉइलवर लगेच दिसतं. वायपर मोडायची भीती असेल तर ते सगळ्यात शेवटी.

नंबरप्लेट किटमधली लावा किंवा स्वतः छापा. वोल्फ्सबुर्गच्या गाड्यांचा कोड 'डब्ल्यूओबी' आहे, पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं. पाटीचा कागद साधा जाड कागद असेल तर कडा गुणाकारात पुठ्ठ्यासारख्या दिसतात. मागून घासून पातळ करा आणि कडांना पेन्सिलने राखाडी रंग द्या.

मॉडेल काचेच्या कपाटात, सरळ ऊन येणार नाही अशा जागी ठेवा. उन्हाने पांढरा पिवळा पडतो, लाल फिका होतो. उन्हाळ्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नको. धूळ बसली की कोरड्या कापडाने पुसू नका, बारीक ओरखडे पडतात. मेकअपचा मोठा मऊ ब्रश घ्या आणि आधी फुंकर मारा.